सुटी ठेवलेली फळी

हॉलमध्ये दीडशे माणसं होती आणि तीनशे गुडघे. त्यांतले निम्मे तरी कुरकुरत होते. टायरच्या दुकानावरचा तो लांबट हॉल, खाली लाकडी फळ्यांची जमीन. मधोमध निळ्या गालिच्याची पट्टी, या दारापासून त्या दारापर्यंत. पट्टीच्या सुरुवातीला एक स्टूल, स्टुलावर माझी भाची, आणि तिच्यासमोर पांढऱ्या ट्रॅकसूटमध्ये, नुसत्या हातांनी गुडघे जोडून देणारे जोडगुरू.

जोडगुरूंनी तिचा डावा गुडघा दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटले.

"मी काही जोडत नाही," ते म्हणाले. "मी फक्त आठवण करून देतो. तुटलेला धागा आपलं दुसरं टोक विसरलेला असतो. बिचारा."

बिचाऱ्या धाग्यासाठी पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले.

मग शांतता. आणि मग, टक्.

सगळ्यांनी ऐकलं.

"भेटले," जोडगुरू म्हणाले. "चल आता."

ती उठली आणि चालायला लागली. लंगडणं नाही, कुबडी नाही. चौदा मीटर, सरळ.

"मागे वळून पाहायचं नाही," जोडगुरू मागून म्हणाले. "वळलीस की धागा बुजतो."

ती न वळता पलीकडच्या दारातून बाहेर गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझे दाजी, म्हणजे तिचे वडील, क्रेन चालवतात. वीस टनांचा बोजा उचलताना ज्यांची पापणी लवत नाही, ते रुमालात तोंड खुपसून रडत होते.

*

थांबा. गोष्ट इथेच अडवतो, कारण त्या टाळ्यांमध्ये माझेही दोन हात होते आणि माझी फजिती तिथेच आहे.

मी गालिचे बसवतो. तो हॉल मीच केलेला. मापाची चिठ्ठी अजून माझ्या वहीत आहे:

लांबी चौदा मीटर, रुंदी एक. सरळ. वळण नको.
आत यायचं दार वेगळं, बाहेर जायचं वेगळं.
स्टुलाजवळची एक फळी सुटी ठेवणे. खिळा नको.

शेवटच्या ओळीचं कारण जोडगुरूंनी मला सांगितलं होतं. ऊर्जेला जमिनीत उतरायला वाट हवी. मी म्हटलं, गिऱ्हाईक म्हणेल तसं. एकाला पलंगाखाली गालिचा उलटा हवा होता, तोही मी घालून दिला होता.

*

आता गोष्ट तीन आठवडे मागे गुंडाळतो.

भाचीला तिची बास्केटबॉलची टीम 'स्प्रिंग' म्हणते. सरावात ती बॉलसाठी उडाली, उतरली, आणि पाय जमिनीत रोवलेला असतानाच अंग वळवलं. कुणाचा धक्का नाही, काही नाही. गुडघ्याच्या आत टक् झालं. ते पहिलं टक्, आणि तेवढंच खरं. संध्याकाळपर्यंत गुडघ्याचा भोपळा झाला.

डॉक्टरांनी एमआरआय काढला. गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारं जे लिगामेंट असतं, ते पूर्ण तुटलं होतं. आधी व्यायाम, मग बहुतेक ऑपरेशन, मग पुन्हा व्यायाम. मैदानात परतायला किमान नऊ महिने.

टीमची निवड महिन्यावर आली होती.

दाजींनी 'नऊ महिने' एवढंच ऐकलं आणि जोडगुरूंना फोन लावला. "एकवीस दिवस झाल्याशिवाय आणू नका," तिकडून उत्तर आलं. "तोवर धागा रागावलेला असतो."

बाविसाव्या दिवशी, सोमवारी, धाग्याचा राग गेला. ते तुम्ही पाहिलंत. निवड रविवारी होती.

*

बुधवारी, माझ्या दुकानात:

"मामा, बाबांना सांगू नकोस."

"काय?"

"सरळ चालते मी. पण काल ओट्यापासून फ्रिजकडे वळले आणि गुडघा निसटला. क्षणभर तो माझा नव्हताच."

"पडलीस?"

"फ्रिजला मिठी मारली."

"मग रविवारी?"

"फ्रिज घेऊन खेळते."

ती हसली. मग हसू गेलं.

"बाबा रडले रे मामा. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. आता काय सांगू त्यांना?"

*

मी खोटं बोललो. दाजींना म्हटलं, निवडीसाठी तंदुरुस्तीचा दाखला लागतो, आणि दोघांना घेऊन फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो.

बाईंनी जोडगुरूंबद्दल चकार शब्द काढला नाही. स्प्रिंगला आडवं केलं, चांगला गुडघा किंचित वाकवला, एका हाताने मांडी घट्ट धरली. "काका, नडगीवर हात ठेवा. मी ती पुढे ओढते." ओढली. नडगी जेमतेम हलली आणि ठक्कन थांबली.

"आता डावी."

डावी थांबलीच नाही. सरकत राहिली. दाजींनी चटका बसल्यासारखा हात काढला, पुन्हा ठेवला.

"परत ओढा."

बाईंनी ओढली.

"ताणच येत नाही," दाजी हळू म्हणाले. सव्वीस वर्षं त्यांनी दोर ताणले जाताना पाहिले होते. "केबल तुटलेली आहे ही."

"हो."

"मग चालली कशी?"

"सरळ चालायला ही केबल फारशी लागत नाही. सूज दोन-तीन आठवड्यांत बरीच उतरते, कुणी हात लावो न लावो. दुखणंही कमी होतं. केबल लागते ती वळताना, उडीवरून उतरताना, धावता धावता थांबताना."

"म्हणजे बास्केटबॉल खेळताना."

"रविवारी खेळली आणि गुडघा निसटला, तर हाडांमधल्या गाद्या फाटू शकतात. मग नुसती टीम जाणार नाही, गुडघाच कायमचा दुखरा होईल."

दाजी माझ्याकडे वळले. "मग ते टक् कुठून आलं?"

माझ्या डोक्यात चिठ्ठी उलगडत होती. सरळ. वळण नको. खिळा नको.

"माझ्याकडून," मी म्हणालो.

*

शुक्रवारी सकाळी मी हॉलवर गेलो. गालिचा सैल पडला असेल, ताणून देतो म्हटलं. कुणी नको म्हणालं नाही. फळीला चार खिळे ठोकले आणि दाजींशेजारी जाऊन बसलो.

स्टुलावर एक बॅडमिंटनवाले गृहस्थ आले. गुडघा धरला गेला. डोळे मिटले. धागा बिचारा वगैरे झालं. शांतता.

शांतताच.

जोडगुरूंची टाच गालिच्यावर दाबली गेली. मग जरा जोरात. मग झुरळ मारावं तशी.

"आज धागा लाजतोय," ते म्हणाले.

दाजी उभे राहिले. "गुरुजी, सोमवारी आमची मुलगी जोडलीत. तुमच्यासमोर तिला एकदा वळायला सांगू का?"

"वळायचं नाही म्हणून सांगितलंय."

"किती दिवस?"

"श्रद्धा आहे तितके दिवस."

"मग तिनं खेळायचं कसं? सरळ धावत मैदानाबाहेर पडायचं आणि तसंच घरी यायचं?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. मी पुढे गेलो, गालिच्याचा कोपरा दुमडला, चारही खिळे उपसले आणि फळीवर पाय दिला.

टक्.

पुन्हा दिला. टक्. टक्.

"बघा," मी म्हणालो, "कुणाचं काही जोडलं गेलं का?"

स्टुलावरचे गृहस्थ आपल्या गुडघ्याकडे बघत राहिले. मग कुबडी मागून घेऊन, आले होते त्याच दाराने बाहेर पडले. त्यांच्यामागे आणखी काही जण उठले. सगळे उठले नाहीत. काहींनी मलाच विचारलं, फळी आता अशीच सुटी ठेवणार ना?

*

रविवारी स्प्रिंग बाकावर बसून गुण लिहीत होती. पुढे ऑपरेशन झालं, आणि मग सुरू झालं ते काम, ज्याला कुणी टाळ्या वाजवत नाही. गुडघा पूर्ण सरळ करणं. मांडी आवळणं, सोडणं. पायरी चढणं, उतरणं. नवव्या महिन्यात बाईंनी फरशीवर खडूने रेघ मारली आणि एका पायावर उड्या घ्यायला लावल्या. डावा पाय उजव्याच्या बराच मागे पडला. "अजून नाही," बाई म्हणाल्या. ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरी चढली.

अकराव्या महिन्यात ती मैदानात उडाली, उतरली, वळली. दाजींनी डोळे गच्च मिटून घेतले होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "आवाजसुद्धा नाही."

गुडघा तुटतो तेव्हा आवाज होतो. बरा होतो तो गुपचूप, रोज थोडाथोडा. म्हणून कुणी टक् ऐकवून बरं केलं म्हणालं, तर आधी त्याच्या पायाखाली बघा, आणि तो जे करू नका म्हणतो ते का, हे विचारा. लंगडत विचारलंत तरी चालेल.

मी एवढं शिकलो. आता गिऱ्हाईक म्हणालं, इथे खिळा नको, तर मी हातोडी खाली ठेवतो आणि म्हणतो, का बरं?