काठाचा धागा

"जाते गं," आई म्हणाली, आणि थोरली तिच्यावर खेकसली.

दवाखान्याच्या गाडीचं दार उघडं होतं. आई गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन आडवी, आणि पांघरुणाबाहेर आलेला तिचा एक हात थोरलीच्या हातात. "जाते काय म्हणतेस? आमच्या कानीकपाळी ओरडत आलीस ना, घरातून निघताना जाते म्हणू नये म्हणून? येते म्हण. म्हण आधी!"

त्या अवस्थेतही आईला हसू आलं. "बरं बाई, मास्तरीणबाई. येते."

धाकटी बहीण उंबऱ्यातून पाहत होती. गाडीचं दार लागलं. नंतर घरी आलं ते आईचं सामान. चष्मा, चपला, आणि शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान.

आई शब्दाची पक्की होती. कपडा गुरुवारी देते म्हणाली की गुरुवारीच द्यायची, मग अंगात ताप असो की डोळ्यांत झोप. अशा बाईकडून असा शब्द घेऊन ठेवू नये. पण शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या पोरीला हे कोण सांगणार? तिला फक्त आई परत हवी होती.

खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं, 'इस्त्री व रफू'. इस्त्री बाबांची, रफू आईचं. आई गेल्यावर बाबांनी स्टुलावर चढून 'व रफू' या अक्षरांवर कागद चिकटवला. खाली उतरले आणि बराच वेळ स्टूल हातात धरूनच उभे राहिले.

समोरचे बूटवाले काका आपला काळा कोट घेऊन आले. कोपरावर कसरीनं खाऊन पाडलेलं भोक. "रफू बंद आहे काका," थोरली म्हणाली.

"माहितीय गं पोरी. नुसती इस्त्री कर. लग्नात हात खाली ठेवून बसेन, भोकाला कोण विचारतंय."

दुपारी बाबा शटर अर्धं ओढून वर जेवायला आले, जेवून तिथेच कलंडले. थोरली भांडी घासत होती. संध्याकाळी काका आले, कोटाची बाही उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली.

"भोक कुठंय? मी भोक दिलं होतं, माझं भोक परत द्या!" मग त्यांचा आवाज ओला झाला. "आईचा हात उतरलाय हो पोरीच्या हातात."

बाबांनी थोरलीकडे कौतुकानं पाहिलं. थोरलीनं बाही स्वतः उलटून पाहिली. तिला साधा टाकासुद्धा सरळ घालता येत नव्हता.

दुसऱ्या दुपारी ती चपला न घालता जिना उतरली. अर्ध्या शटरखालून उन्हाची एक पट्टी आत आली होती, आणि त्या पट्टीच्या कडेला, आपल्या नेहमीच्या स्टुलावर, पाठमोरी आई बसली होती. गुणगुणत होती:

*भोक पडलं गं शेल्याला, भरू कशाने मी सांग,*
*त्याच्याच काठाचा धागा, त्याचंच त्याला अंग.*

पायाशी धाकटी, गुडघ्यांवर हनुवटी टेकून. तिनं मान वळवून ओठांवर बोट ठेवलं. "हळू ये ताई. आईचा धागा तुटेल."

आईनं चष्म्यावरून पाहिलं. "आलीस? जेवलीस का?"

थोरलीला किंचाळायचं होतं. पण आईनं विचारलं ते इतकं रोजचं होतं, की तोंडातून निघालं, "हो, जेवले." मग ती जाऊन आईच्या गुडघ्याला टेकून बसली. आईचा हात केसांवरून फिरला. न तापवलेल्या इस्त्रीसारखा, गार आणि जड. थोरलीनं डोळे मिटले. 

मग दुपार म्हणजेच दिवस झाला. बाबा झोपले की दोघी बहिणी खाली. बाबांना सांगायचं नाही, असं न बोलताच ठरलं. आई फारसं बोलत नसे. आलीस, जेवलीस का, उजेडात सरक जरा, एवढंच. शटर वर जायच्या आत ती कधी उठून जाई ते कळत नसे. फक्त स्टुलाची गादी दबलेली दिसे. लोक फाटकं आणत, अखंड नेत. बाबांनी पाटीवरचा कागद काढला.

आणि धाकटीच्या हनुवटीवरचा तीळ गेला.

"पुसला असेल," धाकटी म्हणाली.

"तीळ पुसला जातो का गं, गाढवे?"

दोघी हसल्या. मग एके दिवशी वर्गात बाईंनी धाकटीची गैरहजेरी लावली, ती पहिल्या बाकावर असताना. "फुकटची सुट्टी!" धाकटी म्हणाली. तिचा आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटला. रात्री बाबांनी ताटं मांडली ती दोनच. धाकटी समोर बसलेली, आणि बाबा विचारतायत, "ही कुठे राहिली?" मग कपाळावर हात मारून तेच म्हणाले, "अरेच्चा, इथंच की! डोळे गेले माझे." त्या रात्री कुणी हसलं नाही.

सकाळी गिऱ्हाइकाची अर्धवट रफू झालेली पांढरी शाल घडी करताना थोरलीनं सहज काठ उलटला, आणि तिचा हात थांबला.

आईचा धंद्यातला एकच नियम होता. बाजारातलं रीळ ती घरात येऊ देत नसे. ज्या कपड्याचं भोक, त्याच कपड्याचा धागा. काठाच्या आतल्या दुमडीतून एकेक हळूच ओढून घ्यायचा, म्हणजे रंगात फरक दिसत नाही. भोक भरतं, काठ तेवढा विरतो. शालीचा काठ मात्र जसाच्या तसा होता. थोरलीनं आणखी दोन कपडे उलटले. त्यांचेही काठ कोरे. मग इतके दिवस धागा येत होता कुठून?

धाकटी जिन्यावर बसून वेणी घालत होती. तिच्या कानाच्या पाळीतून मागच्या भिंतीचा लाल रंग दिसत होता.

तेव्हा थोरलीला उमगलं. खरं भोक कपड्यांना नव्हतंच. भोक घराला पडलं होतं, आई होती तिथं. ते भरायला घरच्याच कापडाचा धागा हवा. आणि धागा काढतात तो काठाचा. त्यांच्या घराचा काठ म्हणजे शेंडेफळ, धाकटी.

त्या दुपारी तिनं आईला 'जेवले' म्हणून उत्तर दिलं नाही. सरळ विचारलं, "आई, हा धागा कुठला?"

"कुठला म्हणजे? शालीचाच."

"काठ बघ ना तिचा."

आईनं काठ पाहिला. मग सुई उन्हात धरली. नेढ्यातून निघालेला धागा शालीत शिरेपर्यंत पांढरा नव्हताच; काळसर होता, किंचित कुरळा. तो आईच्या मांडीवरून खाली आला होता, फरशीवरून सरपटत गेला होता, आणि धाकटीच्या सावलीत शिरला होता. सावलीचा काठ सगळा उसवलेला.

"अगं बाई गं!" सुई आईच्या हातातून गळली. "मला वाटलं, मी भरतेय."

ती उठली. वाकून शटरखालून बाहेर गेली, आणि थोरलीनं श्वास सोडायच्या आत पुन्हा स्टुलावर होती. पुन्हा उठली. पुन्हा स्टुलावर.

"निघते गं," ती कळवळून म्हणाली, "पण पाय इकडेच वळतात. येते म्हणून गेले ना मी. शब्द दिलाय."

"मग राहा की!" धाकटीनं तिला मिठी मारली. "राहू दे ताई. विरले तर विरले मी. तुझं काय जातं?"

"माझं काय जातं? तू जातेस!"

"तूच म्हणायला लावलंस तिला. मी पाहिलंय. आता नको झाली?"

हा टाका बरोबर लागला.  थोरली म्हणाली, "हो, मीच लावलं. म्हणून मीच सोडवते." ती आईसमोर बसली. "आई, जाते म्हण."

आईनं तोंडावर हात ठेवला. "घरातून निघताना असं..."

"म्हण गं."

"मग तू आधी जा म्हण." आई म्हणाली. "मुलीनं जा म्हटल्याशिवाय आईचा पाय निघेल का?"

या घरात जा कुणी कुणाला म्हणत नसे. पाहुण्याला या, लेकराला ये. फार तर दुधावर टपलेल्या मांजराला जा.  थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीच्या गालातून जिन्याची एक पायरी दिसत होती, आणि तरी तो गाल रडून ओला होता.

"जा, आई."

आईनं मान डोलावली. मग खाली वाकून सुई उचलली. शालीतला धागा उलटा ओढून काढला, होता तेवढा सगळा, आणि धाकटीची सावली मांडीवर घेतली. उसवलेला काठ दुमडून तिनं एकेक टाका घातला. घाई नाही, गाठ नाही. शेवटी सवयीनं दातानं धागा तोडला. त्या एवढ्याशा आवाजासरशी धाकटी मोठ्यानं हुंदका देऊन रडायला लागली. शेजारच्या घरातून आल्यासारखा नव्हता तो आवाज. चांगला खणखणीत होता.

"जाते गं," आई म्हणाली. नवा शब्द शिकणाऱ्या लहान मुलीसारखी, चाचपडत.

शटरखालची उन्हाची पट्टी एकदा मोडली आणि पुन्हा जुळली. वर बाबा जागे झाले. "कोण रडतंय? धाकटी का गं?" त्यांनी हाक मारली, पहिल्याच हाकेला तिच्या नावानं.

शालीचं भोक पुन्हा उघडं पडलं होतं. थोरलीनं अंगुस्तान बोटात घातलं, ते सैल होतं. तिनं काठातून धागा काढला, चारदा तोडला, पाचव्यांदा भरला. रफू असं झालं, की समोरच्या फुटपाथवरून दिसावं. बूटवाले काका पाहून म्हणाले, "वा! आता भोक कुठं होतं ते तरी कळतंय."

सकाळी धाकटी दप्तर घेऊन दारात उभी राहिली. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

"उशीर होतोय," थोरली म्हणाली.

"काय म्हणू ताई?"

इस्त्री तापत होती. थोरलीनं ती खाली ठेवली. जाते म्हटलं तर, आणि येते म्हटलं तर. दोन्ही शब्दांना आता सुईसारखं टोक आलं होतं.

"येते म्हण," ती शेवटी म्हणाली. "आणि ये."

"येते."

सकाळभर थोरलीचा एक कान रस्त्यावर. दुपारी शटर अर्धं ओढलं. बाबा वर गेले. स्टुलाची गादी फुगलेली, कुणीच न बसलेली. उन्हाच्या पट्टीत काहीतरी हललं, आणि एक सावली वाकून आत आली. बुटकी, गडद, आणि काठावर बारीक टाक्यांची ओळ.

"आले गं! मरणाची भूक लागलीय."

थोरलीनं मान वर केली नाही. डोळे भरले होते आणि हातात कपडा दुसऱ्याचा होता.

"आलीस?" ती म्हणाली. "जेवलीस का?"

"आत्ताच तर आले, वेडे," धाकटी म्हणाली आणि दप्तर आईच्या स्टुलावर टाकलं.