शेंदराखालचा बाण

मी एक जुना बोल्ट आहे, आणि मी रागावलेला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना हळवं व्हायचं असतं, हे मला ठाऊक आहे. मोडकी खुर्ची, फाटकी छत्री, फुटकी पाटी, साऱ्या जणी डोळ्यांत पाणी आणून बोलतात. मला ते जमायचं नाही. माझ्या सहा कोपऱ्यांपैकी दोन कोपरे ठोकून ठोकून चपटे केले आहेत. ते कोणी केले आणि का केले, ते मी आज तोंडावर सांगणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडाच्या लालभडक कांबीतून मला कापलं, डोकं घडवलं आणि अंगावर आटे पाडले. पण जगातल्या बहुतेक बोल्टांचे असतात तसे माझे आटे नाहीत. इतर बोल्ट डावीकडे फिरवले की सुटतात. मी उजवीकडे फिरवला की सुटतो. इंजिनाच्या फिरण्याने मी आपोआप ढिला पडू नये म्हणून मला मुद्दाम तसा केला होता. आणि हे कोणाला कळावं कसं? कारखान्याच्या माणसाने त्याचीही सोय केली होती. मी ज्या पुलीला दांड्यावर धरून ठेवतो, तिच्या तोंडावर, माझ्या अगदी शेजारी, त्याने ठसठशीत बाण ठोकला. बाणाच्या दिशेने फिरवा, मी सुटेन. दुसरीतल्या पोरालाही कळावं इतकं सोपं होतं.

एकसष्ट साली आमचं डिझेल इंजिन बैलगाडीतून नेवासे तालुक्यातल्या एका वस्तीवर आलं. तिथून घोडेगावचा बैलबाजार दोन कोसांवर. वस्तीचे म्हातारे कारभारी गहिनीनाथ यांनी विहिरीच्या काठावर पत्र्याचं खोपट बांधलं आणि आम्हाला तिथे बसवलं. शहरातून आलेल्या फिटरने त्यांना बाण दाखवला. म्हाताऱ्याने मान डोलावली. त्यांच्या मुलाची, रंगनाथची, नवी नवरी राहीबाई हातात ताट घेऊन मागे उभी होती. तिने इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, आणि उरलेलं कुंकू त्या बाणाच्या खाचेत भरलं. मला ते फार आवडलं होतं, खोटं कशाला बोलू?

त्या दिवसापासून बैलांची मोट सुटली. मागेपुढे, मागेपुढे करून ज्यांच्या माना सोलून निघत, ते बैल सावलीत रवंथ करत बसू लागले. मी दांड्यावर घट्ट बसून पुली धरायचो, पुलीवरचा पट्टा पंप फिरवायचा आणि पाणी पाटाने धावायचं. पुढे घरात हरण्या आणि पाखऱ्या ही जोडी आली. त्यांनी तर मोट पाहिलीही नाही. इंजिनाचा आवाज आला की दोघं आपणहून दगडी डोणीवर पाणी प्यायला यायचे. हरण्या डावीकडे, पाखऱ्या उजवीकडे, जुंपल्यासारखे. खोपटाच्या दारातून मला ते रोज दिसायचे.

आता कौतुकाबद्दल ऐका. दर खंडेनवमीला घरातली हत्यारं, अवजारं पुजतात, तसं आम्हालाही पुजायचे. पहिल्या वर्षी कुंकू. दुसऱ्या वर्षी रंगनाथने तेलात कालवलेला शेंदूर आणला आणि पुलीच्या तोंडाला चोपडला. तिसऱ्या वर्षी त्यावर आणखी. खालचा पुसायचा नाही, कारण देवाच्या अंगावरचा शेंदूर कोण खरवडतो? अकरा वर्षांत त्या शेंदराचं बोटभर जाड कवच झालं. माझं डोकं तेवढं वर राहिलं. बाण कधीच गाडला गेला. गहिनीनाथही वारले आणि बाणाची गोष्ट बरोबर घेऊन गेले. नारळ फुटत होते, उदबत्त्या लागत होत्या, आणि माझ्याकडे नीट बघत मात्र कोणीच नव्हतं.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. आजूबाजूच्या विहिरी आटल्या. आमच्या विहिरीला तळाशी पाणी होतं, पण सत्तर फुटांवर. पोहऱ्याने शेंदून माणसांची तहान भागायची, बैलांची नाही. इंजिन दिवसातून तासभर चालायचं. तेवढ्यावर डोण भरायची आणि बैलांच्या चाऱ्याचा दोन गुंठे घास हिरवा राहायचा. कडबा संपला होता. हरण्या-पाखऱ्याचा जीव त्या दोन गुंठ्यांवर होता.

त्र्याहत्तरच्या फाल्गुनात एका शनिवारी पुली डगमगू लागली. दांडा आणि पुली यांच्यामध्ये बोटभर लोखंडी तुकडा असतो, त्याला मिस्त्री लोक चावी म्हणतात. ती झिजली होती. रंगनाथ एसटीने नगरला जाऊन मंगळवारी रात्री नवी चावी घेऊन आला. आता मला सोडायचं, पुली काढायची, चावी बसवायची आणि मला परत आवळायचं. तासाभराचं काम.

पण काम हाती घेतलं सहादेवने. हा रंगनाथचा चुलतभाऊ. एकदा ट्रकवर क्लीनर होता, म्हणून जगातलं प्रत्येक यंत्र आपल्या ओळखीचं आहे अशी त्याची समजूत होती. रंगनाथने शेजारच्या गावात राहणाऱ्या, मूळच्या राहात्याच्या गनीभाई फिटरला बोलवायचं म्हटलं, तर हा म्हणाला, "एका बोल्टासाठी मिस्तरी? लोक हसतील. घरच्या घरी व्हतंय."

उथळ पाण्याला खळखळाट फार. इंजिन फिरू नये म्हणून सहादेवने त्याच्या मोठ्या चाकाच्या आऱ्यांत लाकडाचा ओंडका अडकवला, माझ्या डोक्यावर पाना चढवला आणि डावीकडे जोर लावला. डावीकडे! म्हणजे मला आणखी आवळलं. मी हललो नाही. पान्याला चार हात लांब पाईप लावला आणि तो आणि रंगनाथ दोघं त्याला लोंबकळले. मी आणखी आवळलो. रॉकेल ओतलं. छन्नी लावून हातोडा मारला, माझे दोन कोपरे गेले. मग घण आला. घणाच्या प्रत्येक घावाला माझी मान पिळवटत होती. आणखी चार घाव, आणि मी दांड्यातच तुटलो असतो. तुकडा आत अडकला की इंजिन महिनाभर उठलं नसतं. मी ओरडू शकत असतो, तर त्या सहादेवच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या.

"लई हट्टी हाय," सहादेव घाम पुसत म्हणाला.

मी हट्टी? मी सांगितल्याप्रमाणे वागत होतो. मला आवळत होते, मी आवळून बसत होतो.

असा बुधवार गेला, गुरुवारचा अर्धा दिवस गेला. घास पिवळा पडला. पाखऱ्या रिकाम्या डोणीचा दगड चाटत उभा राहायचा. गुरुवारी दुपारी राहीबाई भाकरी घेऊन आली, तिने घणाचा घाव पाहिला आणि ती थबकली.

"आवो, त्या शेंदराखाली कायतरी खूण हुती. मामांजींना दावली हुती त्या मानसानं."

"तुला काय कळतंय यंत्रातलं?" रंगनाथ खेकसला. "आन् देवाचा शेंदूर खरवडू व्हय? एवढंच राह्यलंय आता. जा, पानी आन."

तिने कळशी उचलली. मला जितका राग घणाचा आला नाही, तितका या वाक्याचा आला. अख्ख्या वस्तीत माझी भाषा ठाऊक असलेलं एकच माणूस होतं, आणि त्याला पाणी आणायला पाठवलं.

त्या संध्याकाळी रंगनाथने बैल विकायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, घोडेगावचा बाजार. हा बाजार हुकला तर पुढच्या शुक्रवारपर्यंत बैल पायांवर उभे राहायचे नाहीत. पहाटे त्याने दोघांना सोडलं. जाताना दोघं सवयीने डोणीकडे वळले. त्याने दावं ओढलं.

राहीबाईने मात्र गुरुवारीच, नवऱ्याला न विचारता, गनीभाईंच्या गावाकडे खडी फोडायच्या कामावर जाणाऱ्या शेजारच्या छबूबाईबरोबर त्यांना निरोप धाडला होता. रंगनाथ निघून गेला आणि दिवस कासराभर वर आला तेव्हा गनीभाई सायकलवरून आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चपटे कोपरे पाहिले. मग शेंदराच्या कवचाशी हात नेला आणि मागे घेतला.

"वयनी, हे तुमच्या देवाचं हाय. मी न्हाई हात लावनार. पन याच्याखाली बगितल्याबिगर मी पाना लावनार न्हाई. खरवडायचं तर तुमीच खरवडा."

राहीबाईने क्षणभर डोळे मिटले, हात जोडले आणि घरातून उलथनं आणलं. पहिली खपली निघाली, दुसरी निघाली. अकरा वर्षांचा शेंदूर तिच्या पदरात पडत होता. शेवटची खपली निघाली आणि खाली बाण दिसला. त्याच्या खाचेत तिचं ते पहिलं कुंकू अजून होतं, काळं पडलेलं.

गनीभाईंनी बाण पाहिला आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला! ह्याला सोडायचं सोडून दोन दिस आवळतच हुते की वो!"

मग कसं काम केलं, तेही ऐका. स्टोच्या ज्वाळेने मला गरम केलं. रॉकेल सोडलं. एक बिडी संपेपर्यंत थांबले. तेवढा वेळ कोणीच मला दिला नव्हता. उरलेल्या चार कोपऱ्यांवर पाना नीट बसवला, पाईप लावला आणि बाणाच्या दिशेने, उजवीकडे, अंगाचा भार टाकला. 'टक्' झालं. मी सुटलो. पुली निघाली, नवी चावी बसली. माझे आटे तारेच्या ब्रशने घासले, तेलाचं बोट फिरवलं, आणि मला आधी हातानेच डावीकडे फिरवत आत घेतलं. शेवटी नुसत्या पान्याने, पाईप न लावता आवळलं.

"बास. लागंल तेवढंच आवळायचं," ते म्हणाले. "पुढच्या बारीला सोडायचं बी असतं."

इंजिन सुरू झालं. डोण भरली. राहीबाई पाण्याकडे बघत म्हणाली, "भाई, आमचं धनी बैल घिऊन बाजारला गेलेत."

गनीभाईंनी हातसुद्धा धुतले नाहीत. सायकलवर टांग मारली.

उन्हं कलली तेव्हा ते परत आले. सायकल हातात धरून, चालत. शेजारी रंगनाथ होता. त्याच्या मागे एकटा पाखऱ्या. रंगनाथच्या खांद्यावर हरण्याचं दावं होतं. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. हरण्याला गिऱ्हाइकाने सकाळीच, गनीभाई पोचायच्या आधी, ट्रकमध्ये चढवून नेलं होतं. दुष्काळात जोडी कोण बघतो?

पाखऱ्या डोणीवर आला आणि उजवीकडे उभा राहिला. डावी बाजू मोकळी ठेवून तो पाणी प्यायला. मध्येच मान उचलून वळून बघायचा, परत प्यायचा.

रंगनाथ खोपटात आला. माझ्या शेजारच्या बाणावरून त्याने बोट फिरवलं.

"तू सांगितलं हुतंस," तो म्हणाला.

"व्हय," राहीबाई म्हणाली. "सांगितलं हुतं."

त्याने खांद्यावरचं दावं काढलं आणि माझ्या वर, खोपटाच्या खांबावरच्या खिळ्याला टांगलं. मला सांगण्यासारखं बरंच होतं, पण मला विचारतो कोण?

मित्रांनो, आता राहीबाई खंडेनवमीला बाणाच्या खाचेत कुंकवाचं एक बोट लावते, आणि आधी फडक्याने पुसते. सहादेव अजूनही मला हट्टी म्हणतो. म्हणू दे. तुम्ही मात्र एवढं करा. ज्याला हात जोडता त्याच्याकडे एकदा डोळे उघडून बघाही. वस्तू अडली तर घण उचलायच्या आधी तिच्यावरचा मळ काढा, मग तो मळ कितीही पवित्र असो. आणि घरातलं कोणी "इथं कायतरी हुतं" म्हणालं, तर त्याला पाणी आणायला धाडू नका. मला तेलपाणी नाही केलंत तरी चालेल, पण एवढं कराच. कारण माझ्या वरच्या त्या खिळ्याला हरण्याचं दावं अजून टांगलेलं आहे, आणि इंजिन चालू झालं की ते हलतं.