फिकं टॉन्सिल

चिमटाबाईंनी काचपट्टी विभागप्रमुखांच्या टेबलावर परत ठेवली आणि म्हणाल्या, "टॉन्सिल फिकं आहे."

विभागप्रमुखांनी मान वर केली नाही. ते सह्या करत होते. बाई त्यांना मनातल्या मनात सहीवाले म्हणत. तीन परिषदांची पदकं भिंतीवर लावलेला हा माणूस सूक्ष्मदर्शकापेक्षा पेनावर जास्त वाकलेला असे, असं त्यांचं अठ्ठावीस वर्षांचं निरीक्षण होतं.

"मशीनने रंगवलंय ना? मग झालं," सहीवाले म्हणाले.

मशीन. अर्ध्या प्रयोगशाळेला हल्ली तेच दैवत होतं. बाईंना मशीनचा राग नव्हता, त्यापुढे हात जोडणाऱ्यांची कीव येई. बोलणं चिमटे काढणारं आणि हातात सदा चिमटा, म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. त्याचीही त्यांना फिकीर नव्हती. मेणात बसवलेल्या गाठीचे केसाहूनही पातळ काप काढायचे, पाण्यावर तरंगवायचे, काचेवर अलगद उचलायचे, हे त्यांच्यासारखं तिथे कुणाला जमत नव्हतं. वाचायचं आणि सही करायची मात्र दुसऱ्यांनी.

तपासणी साधी होती. काही गाठींच्या पेशींवर एक प्रथिन असतं, ते शरीराच्या पहारेकऱ्यांना गप्प बसवतं. नवी औषधं तो बंदोबस्त मोडून पहारेकऱ्यांना पुन्हा कामाला लावतात. प्रथिन किती, हे तपकिरी रंगावरून मोजायचं. रंग नीट बसतो की नाही हे कळावं म्हणून प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात टॉन्सिलचा एक तुकडा लावतात. तो तपकिरी व्हायलाच हवा. तोच फिका राहिला, तर बाकीच्या काचेवर काय दिसतं याला काडीचीही किंमत नाही.

बाईंनी त्या खेपेच्या काचांचा गठ्ठा अडवून धरला. मग मागच्या दोन खेपांच्या काचा कपाटातून काढून खिडकीशी धरल्या. त्यांचंही टॉन्सिल फिकं. रंगद्रव्याची बाटली कुणीतरी सुट्टीभर फ्रीजबाहेर विसरलं होतं आणि ती मेली होती. त्या काचांवरून सात अहवाल बाहेर गेले होते. सातही जवळपास शून्य, खाली झोकदार सही.

बाई सातही काचा घेऊन पुन्हा आत गेल्या. सहीवाल्यांनी यादी पाहिली आणि मोकळा श्वास सोडला. चार गाठी मूत्रपिंडाच्या होत्या. तिथे हा आकडा काहीही येवो, औषध देतातच. मूत्राशयाच्या तिघांपैकी दोघांना नेहमीची केमो चालू होती. हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच बाईंना त्यांचा जास्त तिटकारा आला. माणूस सुटकेचे हिशेब किती पटकन करतो.

उरला एक. लिफ्ट दुरुस्त करणारा एक निवृत्त म्हातारा. त्याची मूत्रपिंडं दुबळी, केमो झेपणारी नव्हती. आकडा दहा किंवा वर आला असता तर नवं औषध मिळालं असतं. अहवालात लिहिलं होतं दोन. तीन आठवड्यांपूर्वी त्याला घरी जाऊन आराम करायला सांगितलं होतं.

बाईंनी नवी बाटली फोडली, स्वतः काप काढले, रंगवले. टॉन्सिल तपकिरी झालं. शेजारी गाठही झाली, चांगली कॉफी सांडल्यासारखी. सहीवाल्यांनी वाचलं: पस्तीस. सुधारित अहवालावर त्यांनी 'अधिक काप तपासले' एवढंच लिहिलं, आणि बाईंना बजावलं की घरच्यांना सांगायचं, आजाराचं स्वरूप बदललंय.

म्हातारा सुनेबरोबर आला. गालफडं बसलेली, पण शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. सून हात जोडून उभी राहिली. तो नाही.

"आधी दोन, आता पस्तीस," तो म्हणाला. "तीन आठवड्यांत एवढं वाढलं?"

बाईंच्या तोंडात सांगितलेलं वाक्य तयार होतं. सून आशेने बघत होती. तिला कुठलंही उत्तर चाललं असतं.

"वाढलं नाही. पहिल्यांदाही एवढंच होतं," बाई म्हणाल्या. "आमचा रंगच बसला नव्हता."

म्हातारा म्हणाला, "म्हणजे मीटर बंद होता. आणि तुम्ही सांगितलंत, तारेत वीज नाही."

"हो."

"आमच्याकडे शिकाऊ पोरगासुद्धा आधी मीटर तपासतो."

"आमच्याकडे टॉन्सिल तपासतात. ते मीही तपासलं नाही. त्या दोन खेपा माझ्याच हातून गेल्या."

हे त्या कुणाजवळ बोलल्या नव्हत्या, स्वतःशीसुद्धा. इतके दिवस सगळ्यांना तुच्छ लेखायचं सुख पुरलं होतं.

म्हाताऱ्याने ते लिहून मागितलं. बाईंनी कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या आणि खाली स्वतःची सही केली. तिथल्या कुठल्याही कागदावरची ती त्यांची पहिली सही होती. अक्षर शाळकरी पोरीसारखं आलं.

तक्रार झाली, चौकशी झाली. सहीवाल्यांना समज मिळाली आणि पुढच्या महिन्यात ते एका परिषदेत गुणवत्तेवर बोलून आले. चिमटाबाईंची बदली नमुने घेण्याच्या खिडकीवर झाली. दिवसभर बरण्या घ्यायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या. काप काढायला एक नवी मुलगी आली. तिचे काप चुरगळलेले असत.

म्हाताऱ्याला औषध सुरू झालं, आणि ते लागू पडलं. गाठ निम्म्यावर आली. दर तीन आठवड्यांनी तो लघवीची बाटली द्यायला तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी येई, जिन्याने. रुग्णालयाच्या लिफ्टमध्ये तो पाय ठेवत नसे. "हिचा आवाज ऐका," तो एकदा म्हणाला. "ज्याने बसवली त्याला माझ्याकडे मी पानासुद्धा धरू दिला नसता." बाई हसल्या. नोकरीत कुणाशी एवढं पटलं नव्हतं. माफीचं त्याने कधी काढलं नाही आणि बाईंनीही मागितली नाही. गेलेल्या तीन आठवड्यांनी काय फरक पडला हे कुणालाच सांगता आलं नसतं.

असं तेरा महिने चाललं.

चौदाव्या महिन्यात एका सकाळी बाई चिठ्ठी चिकटवत असताना लिफ्टचं दार कुरकुरत उघडलं. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून म्हातारा बाहेर आला. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती. त्याने बाटली खिडकीत ठेवली. बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि त्याला बसायला आतून आपली खुर्ची आणून दिली.