कारेकेझी भावजींच्या गवतातले क्रौंच

मी दलदलीची राखणदार, आणि माझ्या थोरल्या दिरांचं, कारेकेझी भावजींचं, गवताचं रान अगदी काठाला लागून. दरवर्षी मी विनवायची, "भावजी, एक पट्टा उभा ठेवा. कमरेएवढं गवत आणि खाली पाणी असल्याशिवाय क्रौंच घरटं करत नाहीत."

"मग गायींना काय घालू, स्पेसिओझा? तुझ्या पाखरांचे तुरे?" म्हणत ते विळा चालवायचे.

यंदा केळीचा घड उतरवताना त्यांचा गुडघा मुरगळला. दोन महिने बसून काढले. गवत माजलं, आणि एका सकाळी मला त्यात घरटं दिसलं. तीन अंडी! मी धावत सुटले. भावजी रताळं सोलत होते.

"माझ्या गवतात?" रताळं हातातच राहिलं. "एवढं गाव सोडून माझ्याच?"

लंगडत आले, लांबूनच पाहिलं, आणि माणूस पालटला. बांधावरून जाणाऱ्या बायकांना दटावायचे, "हळू बोला गं, बाळंतीण आहे!" चर्चच्या गायकांना तालमीसाठी टेकडीपलीकडे पिटाळलं. स्वतःची एक गाय खुंट्याला बांधून घातली. म्हणाले, "तिला वळण नाही."

तिन्ही पिल्लं निघाली, तिन्ही जगली.

क्रौंचांच्या वार्षिक गणतीच्या सकाळी भावजी माझ्या आधी हजर. "श्वाससुद्धा हळू घे," मलाच बजावलं. धुकं विरलं आणि क्रौंच उतरू लागले. एक जोडी, मग दुसरी, मग सात एकदम. गेल्या साली इथे सगळे मिळून चार होते! तेवढ्यात एका नराने पंख पसरले, मान लववली आणि उंच उडी घेतली. बघता बघता सगळे नाचू लागले.

भावजींचे हात आपोआप वर गेले, लग्नात नाचताना आमच्या बायकांचे जातात तसे.

"भावजी, बसा!"

"मी कुठे उठलोय?" म्हणाले, आणि मारली उडी, दुखऱ्या गुडघ्यासकट. थेट चिखलात! मी इतकी हसले की वहीच पाण्यात पडली. पक्षी मात्र हलले नाहीत. एका पिल्लाने उलट भावजींकडे बघून उडी मारली.

आम्हा राखणदारांच्या मुख्य बाई, वेस्टीन, आल्या. "किती?"

"माझे अठरा," मी म्हणाले.

"एकोणीस!" भावजी गरजले.

बाईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "बाबा, स्वतःला तर नाही ना मोजलंत?"

भावजींनी बोटं मोजली, ओठ हलवले, पुन्हा बोटं मोजली. "थांबा जरा..."

अठरा लिहिले. परतताना आम्ही दोघं बांधावरून पंखांसारखे हात पसरूनच चाललो होतो. समोरून पाद्रीबाबा आले, तेव्हा वाट द्यायला म्हणून तेवढ्यापुरते मिटले.