शिवलेले खिसे

शिंपीदादा पूर्वी कात्रीच्या तालावर गुणगुणत काम करायचा. आताशा मानही वर करत नसे. आजारपणात कानाशी येणाऱ्या आवाजाचं ऐकून त्याने गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे खिसे शिवून टाकले होते, दिसू नयेत अशा बारीक टाक्यांनी. त्यात मास्तरांचा कोटही होता. भर वर्गात ते चष्मा ठेवायला गेले, हात खिशावरून घसरला आणि पोरं खो खो हसली. हे कळल्यापासून दादाला तोंड कुठे लपवू असं झालं होतं.

"मशीन बिघडलं होतं म्हणा," बायकोने बजावलं होतं. "लोकांना कशाला सांगायला जाता?"

इस्पितळाच्या गोळ्या चालू होत्या, शिवाय आठवड्यातून एकदा बोलायला जायचं. लहानशी खोली, दोन खुर्च्या आणि समोर समुपदेशक बाई. आता ही म्हणणार, असलं काही नसतं हो, म्हणून दादा फरशीकडे बघत बसे. पण बाईंनी वाद घातलाच नाही.

"आवाज काय म्हणतो?"

"उघड्या खिशातून कुणीतरी बोलणं ऐकतं. माणूस गोत्यात येतो."

"मग खिसे शिवलेत ते कुणासाठी?"

हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. "मास्तरांसाठीच की. त्यांना काही होऊ नये म्हणून."

"आणि या सगळ्याची खात्री किती?"

"सोळा आणे."

"पडताळून बघू या? आधी तुमच्याच सदऱ्याचा खिसा उसवून?"

पुढच्या खेपेला तो उसवलेल्या खिशावर तळहात दाबून आला. काही घडलं नव्हतं. आवाज मात्र होताच.

"असू दे," बाई म्हणाल्या. "त्याला म्हणा, हातातलं काम झालं की ऐकतो."

खात्री बारा आण्यांवर आली, मग आठ. त्याखाली काही उतरेना.

"आठ आण्यांतही दुकान उघडता येतं," बाई म्हणाल्या. "मास्तरांना काय सांगणार?"

"मशीन..." दादा पुटपुटला आणि पुन्हा फरशीकडे बघू लागला.

मास्तर दुरुस्तीला परत पाठवलेला कोट न्यायला आले. खिसे उसवून तयार होते. कानाशी कुजबुज सुरू झालीच, शिवून टाक म्हणून. काम झालं की ऐकतो, दादा मनात म्हणाला.

"काय झालं होतं हो तेव्हा?" मास्तरांनी विचारलं.

आतून बायको खाकरली. दादाची कानशिलं तापली.

"मशीन ठीक होतं, मास्तर. मीच ठीक नव्हतो. आवाज ऐकू यायचे. वाटायचं, खिशातून तुमचं कुणी ऐकतंय."

मास्तरांनी कोटाचा खिसा चाचपला. "मला वाटलं, तुम्ही माझी टर उडवलीत. मी कंजूष, कधी खिशात हात घालत नाही म्हणून. म्हणतात ना सगळे, माझ्या मागे?"

दादाला आणखीच ओशाळल्यासारखं झालं. इतके दिवस हा माणूसही तोंड लपवून हिंडत होता तर.

"थोडं म्हणतात," तो म्हणाला.

मास्तर कसनुसं हसले. "बाह्या जरा आखूड करून द्या."

दादाने मान खाली घालूनच मोजपट्टी उचलली. गुणगुणणं काही आलं नाही. हात मात्र कामाला लागले.