हमीदचा सब्जा

फ्रीजचं दार उघडल्या उघडल्या तैयबाला कळलं की बेझिलचं काही खरं नाही. आदल्या रात्री तिने ती जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून बर्फाच्या खणाला टेकवून ठेवली होती, कोथिंबीर ठेवतात तशी. आता फडकं सोडलं तर आत काळा, चिकट लगदा. एक पान धड राहिलं नव्हतं.

"ताई, ही पानं फ्रीजमध्ये नको हां. पेल्यात पाणी घालून ओट्यावर ठेव," असं सुचिता मॅडमनी मुंबईहून जुडी आणली तेव्हाच बजावलं होतं. तैयबाने मान डोलावली होती आणि मनात म्हटलं होतं, भाजी काय फुलासारखी पेल्यात ठेवायची असते? मॅडम झोपायला गेल्यावर तिने आपल्याच अकलेने जुडी आत सारली होती.

बंगला रेवदंड्याच्या बाहेर, अलिबागच्या रस्त्याला. तैयबा तिथे नऊ वर्षं स्वयंपाक करत होती आणि मुंबईची मंडळी आली की मागच्या खोलीत मुक्कामाला राहायची. आज मॅडमच्या लेकीचा, केसरचा दहावा वाढदिवस. केसरला दूध सोसत नाही. लोण्याचं बोट जिभेला लागलं तरी अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. दुसऱ्यांच्या वाढदिवसाला ही पोर केक कापताना सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवायची आणि मग वेफर्सची पिशवी घेऊन बाजूला बसायची. या वेळी तिने एकच हट्ट धरला होता. बेझिलचा हिरवा पेस्टो, म्हणजे पास्त्यात कालवायची चटणी, चीज न घातलेली, आणि सगळ्या मैत्रिणींनी तिच्याच भांड्यातला पास्ता खायचा.

खरं सांगून टाकलं असतं तर मॅडम फार तर हळहळल्या असत्या, दुसरं काही करू म्हणाल्या असत्या. पण "तैयबाला काही सांगावं लागत नाही," असं त्या चारचौघांत म्हणायच्या आणि ते ऐकायची तैयबाला चटक लागली होती. शिवाय या वेळी तिला सांगितलं होतं. सांगूनही तिने ऐकलं नव्हतं.

लगदा कचऱ्यात टाकताना वास आला आणि तिचा हात थांबला. हा तर सब्जा! काल जुडी हातात घेतली तेव्हाही तिला तेच वाटलं होतं. ज्याचं बी फालुद्यात घालतात तोच. त्याची पानं तिच्या माणसांत ताटात येत नाहीत, कबरीवर वाहतात. तिच्या अंगणात विहिरीकडेला सब्ज्याची रांगच्या रांग होती. यंदा पावसाच्या सुरुवातीला तिने ती सगळी रोपं मुळासकट काढून दिराच्या, उझैरच्या हाती दिली होती. हमीदच्या कबरीवर लाव, म्हणून.

बाहेर नुकतं उजाडत होतं. फजरची नमाज आटपून माणसं घरी गेली असतील. तैयबाने सुरी आणि कापडी पिशवी घेतली, ओढणी डोक्यावरून घट्ट ओढली आणि मागच्या दाराने निघाली.

त्यांच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. नवऱ्याला, हमीदला नेलं त्या दिवशी ती उंबऱ्यापर्यंत गेली होती. मग चार वर्षं आत काय आहे ते तिने फक्त उझैरच्या तोंडून ऐकलं. मागची भिंत पडली होती तिथून ती आत शिरली. कुठली कबर, हे शोधावं लागलं नाही. इतरांवर गवत वाढलं होतं, एकीवर गुडघाभर सब्जा उभा होता, जांभळ्या देठांचा, मंजिऱ्यांनी लवलेला.

दुसऱ्याच्या कबरीला हात लावला असता तर ती चोरी झाली असती. आपल्या माणसाचं घेतलं तर त्याला विचारता तरी येतं. "थोडा नेते हां," ती पुटपुटली आणि वाकली. थोडा म्हणता म्हणता पिशवी भरली. सात पोरी जेवायच्या होत्या.

उठून उभी राहिली तेव्हा कुठे तिला कळलं की आपण सलामसुद्धा केला नाही. फातिहा पढलो नाही. चार वर्षांनी पहिल्यांदा नवऱ्याला भेटायला आलो, ते सुरी आणि पिशवी घेऊन. आता थांबून फातिहा पढावा तर कोणी बघेल. ती तशीच वळली आणि जवळजवळ पळतच बाहेर आली.

बंगल्यावर येऊन तिने मंजिऱ्या खुडून टाकल्या, पानं तीन पाण्यांनी धुतली. मग मॅडमच्या सांगण्याप्रमाणे उकळत्या पाण्यात बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकली, म्हणजे हिरवा रंग टिकतो. भिजवलेले काजू, चार पाकळ्या लसूण, मीठ, लिंबू. चीजऐवजी मॅडमनी एका डब्यातला बिनदुधाचा पिवळा भुगा दिला होता, तो दोन चमचे. मिक्सर थांबवत थांबवत फिरवला आणि ऑलिव्हचं तेल धारेने सोडलं. ओल्या खोबऱ्याच्या चटणीपेक्षा यात काही निराळं नाही, असं एरवी ती फुशारकीने म्हणाली असती.

मॅडम स्वयंपाकघरात आल्या आणि भांड्यावर वाकल्या. "काय वास सुटलाय! काल एवढा नव्हता गं."

"ताजा वाटलाय ना," तैयबा म्हणाली.

दुपारी सात पोरींनी एका मोठ्या भांड्यातून पास्ता वाढून घेतला. केसर स्वतः डाव घेऊन प्रत्येकीला वाढत होती, सगळ्यांच्या ताटात तेच आणि तिच्याही ताटात तेच. दोनदा घेऊन झाल्यावर ती धावत आत आली आणि तैयबाच्या कमरेला मिठी घातली. "तैयबामावशी, सगळ्यांनी माझंच खाल्लं! कोणी वेगळं मागितलंच नाही!"

तैयबाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. त्या हाताला सब्ज्याचा वास होता.

"तू खा ना थोडं," मॅडमनी बशी पुढे केली.

"माझा रोजा हाय आज, मॅडम. जुमेरात हाय ना, गुरुवार."

रोजा नव्हता. सकाळी चहा पाव खाऊन झाला होता. आयुष्यात ती खोटं कधी बोलली नव्हती असं नाही, पण रोज्याचं नाव घेऊन पहिल्यांदाच बोलली. मॅडमनी ओशाळून बशी मागे घेतली. "अगं, मला आधी सांगायचंस. उपाशीपोटी एवढं केलंस!" मग जाता जाता म्हणाल्या, "उद्या पुन्हा कर हां. दोन बाटल्या भरून मुंबईला नेऊ. रोप मिळेल का कुठे बघ."

संध्याकाळी ती घडीभर घरी आली तेव्हा उझैर ओटीवर बसला होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"भाभी, बस. वाईट नको वाटून घेऊस. भाईच्या कबरीवरचा सब्जा गेला."

"गेला म्हंजे?"

"खाल्ला. सदूच्या शेळीनं. जोहरच्या नमाजेनंतर पाणी घालाया गेलो तर सगळा वरून साफ. त्याची शेळी तिथंच भिंतीकडं फिरत व्हती. मग गेलो त्याच्या दारात. लय बोललो त्याला. पोरांदेखत बोललो."

सदू आणि हमीद बावीस वर्षं एका होडीवर होते. सदूच्या हातचं हमीदने खाल्लं होतं आणि हमीदला नेताना सदू रस्त्याच्या कडेला अनवाणी उभा होता.

ती चहा करायला आत गेली. बोलायचं ठरवून गेली होती, तरी बाहेर येताना नुसता कप घेऊन आली. तेवढ्यात अंगणाशी सदूच येऊन उभा राहिला. ओटीवर चढला नाही. टोपी हातात चुरगाळत होता.

"वयनी, माझ्याकडनं चूक झाली. मी तिला सोडाया नको व्हती. जनावर हाय, त्याला काय कळतंय? पर मना कळाया पायजे व्हतं. हमीद माझा..." त्याने टोपीने तोंड पुसलं. "ऐतवारी इकून टाकतो तिला. रोपं कुठं मिळत असली तर सांग, मी आणतो."

"सोड आता, झालं ते झालं," उझैर चहाचा घोट घेत म्हणाला.

सदूने मान हलवली आणि तो वळला. तो फाटकापर्यंत गेला. तैयबाला वाटलं, जाऊ दे. शेळीच तर आहे. कोणाला काय कळणार आहे? आणि हे वाटल्याची इतकी शरम वाटली की तिच्या तोंडून हाक गेली.

"सदूभाऊ, थांबा. शेळीनं न्हाय खाल्ला. मी कापला."

सदू फाटकातून परत वळला.

"सकाळी मी आत गेलती. बंगल्यावरची पानं माझ्या हातनं सडली. मॅडमला सांगाया लाज वाटली, म्हणून मी तो कापला, वाटला आणि पोरींना खाया घातला." ती सदूकडे वळली. "मघाशी तुम्ही माफी मागत व्हतात तवाही मी गप बसली."

उझैरने कप खाली ठेवला. "भाईच्या कबरीवरचा? वाटून खाल्ला?" एवढंच तो म्हणाला. मग चपला पायात सरकवून तिच्याकडे न बघता निघून गेला. चहा अर्धा तसाच राहिला.

सदूने टोपी डोक्यावर घातली. तैयबा वाट बघत होती. त्याने शिवी दिली असती तरी तिला बरं वाटलं असतं.

"दुपारपासनं उपाशी बांधलीय मी तिला," तो म्हणाला. "पाठीत दोन काठ्याबी घातल्या." आणि तो भराभरा घराकडे चालू लागला.

तैयबा आत आली. चुलीकडे पेजेचं भांडं होतं, ते तिने बादलीत ओतलं, वर कोंडा घातला. उद्या मॅडमसमोर उभं राहायचं होतं, केसरने काय खाल्लं ते सांगायचं होतं. नोकरी राहील की नाही, याचा विचार तिने अजून केला नव्हता.

सदूच्या परसात पोरंसोरं जमली होती. शेळीचं दावं सोडलेलं होतं, तरी ती भिंतीला चिकटून उभी होती. तैयबाने बादली पुढे केली तशी ती आणखी मागे सरली. सदूची बायको आवडाबाई पदराला हात पुसत बाहेर आली.

"अगो तैयबा, पेज घेऊन तू कशी काय आलीस? आमच्या शेळीनं तुझं वाटोळं केलं आन् तूच तिला खाया घालतेस?"

सदूने घरात काहीच सांगितलं नव्हतं. तो दाराशी पाठमोरा बसला होता.

तैयबाने बादली खाली ठेवली, पोरांकडे एकदा बघितलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.