ठिकाण निवडा

मे महिन्यात गावात पुरात बोट मागवायच्या 'तारणहार' ॲपचं उद्घाटन झालं. मोबाईल पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. नारळ शेजारच्या दगडावर फोडायचा होता. आप्पासोंनी भक्तिभावानं मोबाईलवरच फोडला. टाळ्या झाल्या.

ॲपमध्ये गल्ल्यांची यादी भरायचं काम आप्पासोंचंच. ते जत्रेचे अध्यक्ष. त्यांनी जत्रेच्या मानाची यादी उचलून तशीच भरली: पालखी कुणाच्या दारात आधी थांबते, कुणाच्या नंतर. नदीकाठच्या बौद्धवस्तीत पालखी जातच नाही. म्हणून ती ॲपमध्येही आली नाही.

ऑगस्टातल्या पुरात कृष्णा मात्र वस्तीत आधी आली. वस्तीतली बाकीची माणसं आदल्या दिवशीच शाळेत गेली होती. बनाबाईंचे गुडघे गेलेले. त्यांना न्यायला सकाळी ट्रॅक्टर येणार होता. सकाळी पाणी आलं. सून आम्रपालीनं त्यांना पाठीवर घेऊन स्लॅब गाठला आणि ॲप उघडलं.

'ठिकाण निवडा.' पाटील गल्ली, माने गल्ली, देऊळ चौक. तळाला 'इतर'. ते दाबलं, तर घराच्या दर्शनी भागाचा फोटो मागितला. दर्शनी भाग पाण्याखाली होता.

तिनं फोन लावला. "आवं आप्पा, आमची वस्तीच न्हाई ह्यात!"

"न्हाई कशी? मानाची यादी हाय ती, चुकायची न्हाई."

"मग बोट कुठं मागवू?"

"पाटील गल्ली टाक की. संकटाला कुठं जात असती व्हय?"

तिनं टाकलं. हिरवी खूण आली आणि बोट तत्परतेनं पाटील गल्लीत गेली. तिथं माणूस नव्हता. पण 'बचावलेली संख्या' भरल्याशिवाय ॲप फेरी बंद करू देईना. मग आप्पासोंची दोन पॉमेरेनियन कुत्री बोटीत घेतली. जागा उरली म्हणून झोपाळाही घेतला. नोंद झाली : बचावले, दोन.

"आली का गं होडी?" बनाबाईंनी विचारलं.

"आली आसंल आत्या. दुसरीकडं."

दुपारी पाणी स्लॅबवर चढलं. आम्रपालीनं सासूला लुगड्यानं टाकीच्या खांबाला बांधलं आणि घट्ट धरून बसली. संध्याकाळी पलीकडच्या गावची होडी आली. तिच्यात एकच बाई जिवंत चढली.

पंधरा दिवसांनी ॲपचा सत्कार ठेवला. आम्रपालीला 'लाभार्थी' म्हणून बोलावलं. तिच्या हातात ग्रामपंचायतीचा मोबाईल दिला. पडद्यावर प्रश्न होता : 'तुमची सुटका कशी वाटली? तारे द्या.'

"पाच दाब पोरी," आप्पासो हळूच म्हणाले, "फोटोवाले ताटकळलेत."

"आधी वस्तीचं नाव यादीत घाला."

"घालू की! पर कितव्या नंबरला? मानाचा प्रश्न हाय."

"पाणी जिथं आधी येतं, तिथनं सुरू करा. आमी पयले."

तिनं मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि ती निघून गेली.

तारे दिल्याशिवाय ते पान बंद होत नाही. तो मोबाईल अजून ग्रामपंचायतीत चार्जिंगला आहे, आणि तोच प्रश्न विचारतो आहे. तुमच्या गावचं ॲप एकदा उघडा. यादी तळापर्यंत सरकवा, आणि 'इतर'मध्ये कोण राहतं ते बघून या.